उघडं दार : पंडिता रमाबाई, मनोरमा आणि घरातली उपासना

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी धर्मांतरांबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा मोठ्या माणसांपाशी थांबतो. कोणी धर्म बदलला, का बदलला, ज्ञातीने काय केलं, वर्तमानपत्रं काय म्हणाली. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण त्या माणसांना मुलं होती, आणि त्या मुलांच्या श्रद्धेचं पुढे काय झालं, ती कुठून आली, हे आपण फारसं विचारत नाही. आज तेवढाच प्रश्न घ्यायचा आहे.

प्रश्न साधा वाटतो, पण पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती घरात तो फार अवघड होता. तुमच्या-माझ्या घरात मूल धर्म कसा शिकतं? कोणी त्याला बसवून सिद्धांत सांगत नाही. देवघरात आजी दिवा लावते, ते पाहतं. चतुर्थीला मोदक होतात, ते खातं. एकादशीला आई जेवत नाही, तेव्हा का जेवत नाही म्हणून विचारतं. घर, गाव, पंचांग, स्वयंपाकघर, सगळं मिळून त्याला शिकवत असतं. जुन्या ख्रिस्ती घरांतही तसंच होतं, वसईच्या किंवा गोव्याच्या गावात जाऊन पाहा. पण जो माणूस काल ख्रिस्ती झाला त्याच्याकडे यातलं काहीच उरलेलं नसे. आजी-आजोबांनी संबंध तोडलेले, सण गेलेले, आणि नव्या धर्माचे सण, गाणी, चालीरीती अजून मिशनऱ्यांच्या हातात. मुलासमोर पाहायला एकच गोष्ट राहायची, ती म्हणजे आई किंवा बाप. ते काय करतात, कशावर रागावतात, एकटे असताना गुडघे टेकतात की नाही.

मी उदाहरण घेतलंय पंडिता रमाबाई आणि त्यांची मुलगी मनोरमा यांचं. एक कारण असं, की या मायलेकींबद्दलचा पत्रव्यवहार शिल्लक आहे. सिस्टर जेराल्डिन यांनी तो जपून ठेवला, संकलित केला, आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्यांना इंग्रजी वाचता येतं त्यांनी जरूर वाचावा. दुसरं कारण असं, की आई मुलीला डोळ्यांपुढे ठेवून प्रार्थना करते, या एवढ्याशा गोष्टीवरून पुण्यात १८९३ साली मोठं वादळ झालं, आणि त्यात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं गुंतलेली होती.

पण मनोरमेकडे जाण्याआधी रमाबाईंच्या स्वतःच्या आईबापांकडे जावं लागतं. ते टाळून हा विषय कळत नाही.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्याकडे शिकत होते. साठेशास्त्री पेशव्यांच्या वाड्यात संस्कृत शिकवायला जात, आणि तिथे एक स्त्री शुद्ध संस्कृत म्हणते हे या विद्यार्थ्याने पाहिलं. आपल्या बायकोलाही शिकवायचं असं त्याने मनाशी ठरवलं. पुढे लक्ष्मीबाईंशी लग्न झाल्यावर त्यांनी तिला शिकवलं, त्याबद्दल शास्त्री-पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि तो त्यांनी ग्रंथांचे आधार काढून दिलाही. गावातल्या कटकटीला कंटाळून ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात राहायला गेले. तिथे १८५८ च्या एप्रिलमध्ये रमाबाई जन्मल्या. त्या काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेला निघालं, आणि त्यांना टोपलीत घालून न्यावं लागलं. त्यानंतर वर्षानुवर्षं हे कुटुंब पायी फिरत राहिलं, देवळांत आणि घाटांवर पुराणं सांगत राहिलं.

रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईने. वडील तोवर म्हातारे झाले होते. दिवसभर आईला सवड नसायची, म्हणून ती पहाटे, अंधार असताना, मुलीला जागं करायची. झोपेत असलेल्या पोरीला कुशीत घ्यायचं, चार गोड शब्द बोलायचे, आणि मग धडा सुरू. पुस्तक नाही. आईने म्हणायचं, मुलीने मागून म्हणायचं. अशा रीतीने भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीच्या तोंडी बसले. आपण रमाबाईंच्या पाठांतराचं कौतुक करतो, पण या पहाटेच्या तासाकडे लक्ष देत नाही. मुलीने त्या तासात व्याकरण तर शिकलंच. शिवाय आपली दमलेली, कामाने पिचलेली आई झोप मोडून ज्या गोष्टीसाठी उठते ती गोष्ट मोलाची असणार, हेही ती शिकली.

मग १८७४ चा दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. वडिलांचा शेवटचा निरोप रमाबाईंनी पुढे १९०७ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी, आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवला. दृष्टी गेलेल्या, उपासमारीने खंगलेल्या बापाने धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. हा बाप कर्मठ वैष्णव होता. रमाबाई हे लिहितात तेव्हा त्या ख्रिस्ती होऊन चोवीस वर्षं झालेली आहेत. तरीही त्या वाक्याला त्या परकं मानत नाहीत. बापाने ज्या देवाच्या हाती दिलं त्यालाच आपण पुढे ओळखलं, असा त्यांचा भाव आहे. याच्याशी कोणी सहमत व्हावं न व्हावं तो भाग वेगळा. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला त्यात एवढं दिसतं, की त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेच्या बुडाशी एका हिंदू बापाचं वागणं आहे, आणि हे त्या स्वतः कबूल करतात.

आता मनोरमा. रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली, १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा गेला. रमाबाई पुण्याला आल्या, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ साली वैद्यकीय शिक्षण घ्यायचं म्हणून लहानग्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज या गावी सेंट मेरीच्या सिस्टरांकडे राहिल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आई पंचवीस वर्षांची, मुलगी अडीच वर्षांची. आई वाद घालून, वाचून, शंका काढून तिथवर आलेली. मुलगी आईच्या कडेवर. सिस्टर जेराल्डिन मनोरमेची धर्ममाता झाली. रमाबाई तिला पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत.

इथून खरा झगडा सुरू होतो, आणि तो इंग्लंडमध्येच होतो, हे मुद्दाम लक्षात ठेवा. पुण्यात रमाबाईंना ‘मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं’ म्हणणाऱ्यांनी ही पत्रं वाचलेली नव्हती. वाचली असती तर त्यांना गंमत वाटली असती. रमाबाई अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत म्हणून तक्रार आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, म्हणून रमाबाईंचा सवाल आहे. लॅटिन कुठल्या बाबतीत संस्कृतपेक्षा पवित्र, हे सांगा, असं त्या विचारतात. आणि चर्चच्या अधिकाराबद्दल तर त्यांनी सरळ लिहून टाकलं की ब्राह्मण पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसरं घालून घ्यायची माझी तयारी नाही.

यातले बरेच वाद आईच्या स्वतःच्या श्रद्धेबद्दल आहेत. पण त्यांतला जो धागा मुलीशी येऊन भिडतो तो सगळ्यांत चिवट आहे. रमाबाईंना त्या काळात त्रैक्याचा सिद्धांत पटत नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे एकच कसे, यावर त्या सिस्टर जेराल्डिनशी, चेल्टनहॅमच्या मिस बीलशी, पाद्र्यांशी लांबलचक वाद घालत होत्या. आणि मनोरमेला मात्र वाँटेजला तीच शिकवण मिळत होती. रमाबाईंनी हरकत घेतली. मला स्वतःला जे अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. सिस्टरचं उत्तरही समजून घ्या. बाप्तिस्म्याच्या वेळी आम्ही या मुलीला चर्चच्या श्रद्धेत वाढवण्याचं वचन दिलंय, ते वचन आईच्या शंका मिटेपर्यंत बाजूला ठेवायचं का? सिस्टर दुष्ट नव्हती. तिचा मनोरमेवर जीव होता, हे पानोपानी दिसतं.

म्हणजे वाद असा होता : मुलाला पूर्ण, ठरलेला, परंपरेने घडवलेला धर्म द्यायचा, की आईच्या हातात आज जेवढं आहे तेवढंच द्यायचं? मला स्वतःला रमाबाईंची बाजू अधिक बळकट वाटते, आणि कारण व्यवहाराचं आहे. मुलं फसत नाहीत. आई ज्या वाक्यापाशी अडखळते ते वाक्य मुलाला दुसऱ्याकडून घोकून घ्यायला लावलं, तर मूल ते वाक्यही शिकतं आणि आईचं अडखळणंही शिकतं. मग दोहोंपैकी काय टिकतं, ते ज्यांनी मुलं वाढवली आहेत त्यांना सांगायला नको.

दुसरी गोष्ट रमाबाईंनी मागितली ती अशी, की मनोरमा आपल्यातलीच राहिली पाहिजे. तिने आपल्या देशातल्या माणसांवर त्यांच्यातलीच एक म्हणून प्रेम करावं, कोणी वेगळी किंवा वरची म्हणून नव्हे. हे निव्वळ देशाभिमानाचं बोलणं नाही. याच्या शेजारी एक दुसरं घर ठेवून पाहा. रमाबाईंवर ज्यांच्या लिखाणाचा मोठा परिणाम झाला ते नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीत वाढलेले चित्पावन पंडित, १८४८ साली ख्रिस्ती झाले. त्यांची बायको मुलगी तान्ही असतानाच वारली. ती मुलगी, एलन लक्ष्मी गोऱ्हे, परक्यांच्या घरी वाढली, पुढे एका मिशनरी कुटुंबाबरोबर इंग्लंडला गेली, तिथेच शिकली आणि १८८० मध्ये मिशनरी म्हणून हिंदुस्थानात परत आली. तिची इंग्रजी भक्तिगीतं चर्चमध्ये अजून गायली जातात. श्रद्धेत ती कुठेच कमी पडली नाही. पण बापाचं रोजचं जगणं पाहून वाढण्याची संधी तिला मिळाली नाही, आणि आपल्याच देशात तिला मिशनरी म्हणून पाऊल ठेवावं लागलं. पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती आईबापांपुढे ही शक्यता कायम उभी असे.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं. पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक, बोस्टनला १८८७ मध्ये स्थापन झालेली रमाबाई असोसिएशन, दहा वर्षं पैसे पुरवण्याचं तिने दिलेलं वचन, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन. १८९० अखेर ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय विधवांसाठी शाळा आणि वसतिगृह. अट अशी की धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील. मुलींना आपले सोवळ्याचे, जेवणाखाण्याचे नियम पाळायची मोकळीक. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. १८९३ च्या मार्चमध्ये तिचं धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. याच त्या बाया कर्वे. रमाबाईंच्या सहवासात काही वर्षं राहून, त्यांच्यावर माया ठेवून, त्या हिंदूच राहिल्या. सदनात ‘सगळ्यांना बाटवलं’ असं म्हणणाऱ्यांना हे नाव अडचणीचं आहे.

आता दार. रमाबाई सदनातच राहत. स्वतःच्या खोलीत त्या रोज मनोरमेला घेऊन पवित्र शास्त्र वाचत आणि प्रार्थना करत. शाळेच्या वर्गात नाही, वेळापत्रकात नाही. आपल्या खोलीत, आपल्या मुलीबरोबर. खोलीचं दार मात्र त्या लावत नसत. काही मुली येऊन दाराशी उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी हाकललंही नाही. बातमी गावात गेली. ‘केसरी’ने झोड उठवली. सल्लागारांनी रमाबाईंना सांगितलं, हे थांबवा. रमाबाई म्हणाल्या, माझ्या घरात मी माझ्या देवाची प्रार्थना चोरून करणार नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं, आणि बऱ्याच पालकांनी मुली परत नेल्या.

या प्रसंगाबद्दल आपल्याकडे दोन ठराविक कथा आहेत. एकीत रमाबाईंनी विश्वासघात केला. दुसरीत सनातनी समाजाने एका शूर बाईचा छळ केला. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. रानडे आणि भांडारकर सनातनी नव्हते. प्रार्थना समाजातली माणसं ती. घरात उपासना केली की मुलांवर काय परिणाम होतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळत होतं? त्यांचा मुद्दा नीट मांडला तर असा होतो : ज्या घरातून या मुली आल्या तिथे त्यांना कोणी माणूस म्हणून विचारत नव्हतं. केशवपन झालेली, एक वेळ जेवणारी, अपशकुनी ठरवलेली बारा-चौदा वर्षांची मुलगी. तिला इथे पहिल्यांदा कोणी जवळ घेतलं. तीच बाई संध्याकाळी डोळे मिटून प्रार्थना करते. ती मुलगी त्या दाराशी जाईल नाही तर काय करेल? अशा ठिकाणी ‘मी कोणाला बोलावलं नाही’ हे उत्तर पुरतं का? वजन असलेल्या माणसाचं नुसतं वागणंही तटस्थ नसतं.

हा मुद्दा खरा आहे. त्याला मी बगल देणार नाही.

पण रमाबाईंकडून जे मागितलं जात होतं तेही पाहा. दार लावायचं. म्हणजे मनोरमेने काय पाहिलं असतं? बारा वर्षांची मुलगी. तिने पाहिलं असतं की आपली आई प्रार्थनेच्या वेळी उठते, बाहेर कोणी नाही ना बघते, कडी घालते, आणि मग देवाशी बोलते. बोस्टनचा पैसा, पुण्याची अब्रू, सदनाचं भवितव्य, हे सगळं त्या कडीत. रमाबाईंच्या उत्तरांत स्वातंत्र्याची भाषा आहे, आणि इतिहासकार तीच उचलतात. मला मात्र वाटतं, त्या वेळी त्यांच्या नजरेसमोर मुलगीही होती. ज्या बाईने वाँटेजमध्ये मुलीसाठी सिस्टरांशी भांडण केलं तिने पुण्यात मुलीसमोर कडी लावली असती, तर आधीच्या भांडणाला काही अर्थ उरला नसता.

आणखी एक बारकावा. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की १८८३ मध्ये त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास, म्हणजे पुण्यातच आला. मनोरमा तेव्हा दहा वर्षांची. म्हणजे या मुलीने आईची श्रद्धा तयार माल म्हणून कधी पाहिलीच नाही. तिने आईला भांडताना पाहिलं, शंका घेताना पाहिलं, मग आईच्या चेहऱ्यात, दिनक्रमात काहीतरी बदललेलं पाहिलं, आणि दोन वर्षांत त्यापायी आईला माणसं सोडून जाताना पाहिलं. इतकं सगळं एका मुलीच्या वाट्याला येणं चांगलं की वाईट, मी सांगू शकत नाही. पण लपवलेलं काही नव्हतं.

तुलनेसाठी थोडक्यात टिळकांच्या घराकडे वळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. मुलगा दत्तू तेव्हा चार वर्षांचा, आईपाशी. सुमारे पाच वर्षं हे घर दोन धर्मांत विभागलेलं होतं. पुढे नवराबायको नगरकडे एकत्र राहू लागले तेव्हाही लक्ष्मीबाईंनी सोवळं सोडलं नव्हतं. १९०० साली त्यांनी आपल्या मनाने, आपल्या वेळेला बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट जाणवते. नवऱ्याच्या उपदेशाचं त्या फारसं कौतुक करत नाहीत, उलट त्याची थट्टाच जास्त. पण हा माणूस घरातलं असेल ते कोणालाही देऊन टाकतो, कोणाचंही पोर घरी आणतो, याचा वैताग सांगता सांगता त्या कुठेतरी हरलेल्या दिसतात. दत्तूने हे सगळं पाहिलं. आईवर जबरदस्ती झाली नाही, हे पाहिलं. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई वारल्या तेव्हा ‘स्मृतिचित्रे’ संपलेलं नव्हतं, ते देवदत्त टिळकांनी पुरं केलं. बापाने सुरू केलेलं आणि आईने पुढे नेलेलं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी १९३८ मध्ये लोकांपुढे आणलं. ज्या मुलाला कोणी घाई केली नाही, त्याने आईबापांचं अर्धवट काम हातात घेतलं, एवढं या घरापुरतं म्हणता येतं. यावरून नियम काढायला मी धजणार नाही.

परत मनोरमेकडे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सोळा वर्षांच्या वयात अन्नासाठी पायपीट केलेली, दुष्काळात आईबाप गमावलेली ती मुलगी आता दुष्काळातल्या मुली गोळा करत होती. पण या गोष्टीची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. एकुलत्या एक मुलीच्या आईच्या वाट्याला दोन हजार मुली आल्या. पुण्याच्या खोलीत आईच्या शेजारी एकटी बसणारी मनोरमा आता एका गावाएवढ्या कुटुंबातली थोरली झाली.

तिने याबद्दल तक्रार केल्याचं दिसत नाही. तिची काही पत्रंही त्या संग्रहात आहेत. ती आज्ञाधारक, कामसू, थोडी दमलेली मुलगी त्यांतून दिसते. इंग्लंड-अमेरिकेत तिचं शिक्षण झालं. ब्रेल लिपी शिकून तिने मुक्तीतल्या अंध मुलींना वाचायला शिकवलं. अंध मुलींना दोरीवाचून, टोपल्यांवाचून, दळण्यावाचून दुसरं काही येणार नाही असं जग मानत होतं, त्या काळात. केडगावच्या शाळेची जबाबदारी तिने सांभाळली, मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, पुढे निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. लग्न केलं नाही.

आता काही जण म्हणतील, यात मनोरमेची स्वतःची श्रद्धा कुठे? ही तर आईचीच सावली. हा आक्षेप मला फेटाळता येत नाही, पण पुरा मान्यही करता येत नाही. गुलबर्गा पाहा. आईच्या संस्थेपासून दूर, दुसऱ्या राज्यात, कानडी-उर्दूच्या मुलखात. ब्रेल पाहा. हे रमाबाईंनी सांगून केलेलं काम नव्हे, ही मनोरमेची निवड आहे. आईने पहाटे मुलीला पाठ दिले ते तोंडी, कारण पुस्तक नव्हतं. नातीने ज्यांना पुस्तक दिसत नाही त्यांच्या बोटांखाली अक्षरं आणली. आजी लक्ष्मीबाईंपासून ही शिकवण्याची सवय तीन पिढ्या उतरत आली आहे. आणि धर्म मधल्या पिढीत बदललेला आहे, हे विसरू नका.

शेवटच्या वर्षांत रमाबाई पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आधीच्या भाषांतरांतली संस्कृतप्रचुर भाषा त्यांना नको होती. शिकल्यासवरल्याशिवाय आलेल्या खेडवळ बाईला ऐकून कळेल असं मराठी त्यांना हवं होतं. अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या बाईने सोपं लिहायचं ठरवलं, हे मला फार मोठं वाटतं. छपाई मुक्तीतच, खिळे जुळवणाऱ्या मुक्तीतल्याच मुली.

ते काम चालू असतानाच २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची होती. आपल्यामागे संस्था तीच चालवेल असं रमाबाईंनी धरलेलं होतं. आता ती नव्हती, आणि रमाबाईंना ऐकूही फारसं येत नव्हतं. त्या परत भाषांतराला बसल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.